पायऱ्यांची विहीर आणि नारू

आमच्या परिसरातील एका जुन्या पायऱ्यांच्या विहिरीविषयी चार पाने लिहावीत, असे आम्ही काही दिवसांपूर्वी मनाशी ठरविले होते. घडीव दगडांचे काम, पाण्यापर्यंत उतरत जाणारा जिना, भिंतीत दिवा ठेवण्यासाठी कोरलेले कोनाडे असा सगळाच विषय सुखद होता. अशा लेखाचा साचाही ठरलेला असतो. आरंभी पूर्वजांच्या दूरदृष्टीचे कौतुक, मध्ये स्थापत्याचे वर्णन आणि शेवटी आजच्या अनास्थेविषयी खेद. टिपणे काढीत असताना गावातील एका वयोवृद्ध बाईंना आम्ही त्या विहिरीची आठवण विचारली. त्यांनी कोनाड्यांविषयी किंवा दगडांविषयी एक शब्दही काढला नाही. आपल्या आईने लहानपणी घातलेला धाक तेवढा त्यांनी सांगितला : "पायरीवर पाय बुडवून बसू नको, नारू निंगते."

त्या एका वाक्याने आमचा ठरलेला लेख मोडला. नारू हा शब्द आम्ही ऐकलेला होता. पण तो काय असतो, कोठून येतो आणि कोठे गेला, याचा विचार कधी केलेला नव्हता. आज चाळिशीच्या आत असलेल्या वाचकाने नारूचा रोगी पाहिलेला असण्याचा संभव फार थोडा. एक रोग देशातून समूळ जातो, आणि त्याच्या पाठोपाठ त्याची आठवणही जाते. ही स्थिती रोग्यांच्या दृष्टीने भाग्याची, पण इतिहासाच्या दृष्टीने धोक्याची आहे, असे आम्हांस वाटू लागले. म्हणून विहिरीचा लेख बाजूस ठेवून आम्ही नारूचा शोध घेतला. विहीर मात्र त्या शोधात पावलोपावली भेटत राहिली.

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा हा आमचा पट्टा मोठा विलक्षण आहे. देवगडच्या गोंड राजांनंतर येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, आणि मराठी बोली येथे कायमची रुजली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर एकीकडे गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा हा पट्टा छिंदवाड्यापासूनही वेगळा निघाला. संत्र्यांचे बगीचे, जाम आणि कन्हान या नद्या, आणि घराघरांत बोलली जाणारी मराठी यांना मात्र या सीमांनी फारसा फरक पडला नाही. नारूलाही सीमांचे सोयरसुतक नव्हते. नारूपीडित म्हणून शासनाने पुढे ज्या सात राज्यांची यादी केली, तीत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोहोंची नावे होती. भाषेने एका राज्याच्या आणि कारभाराने दुसऱ्या राज्याच्या असलेल्या आम्हांला, हा रोग परका होता, असे कोणत्याही बाजूने म्हणता येत नाही.

नारू म्हणजे एक कृमी. त्याची मादी शेवयीसारखी बारीक, पांढरी आणि जवळजवळ हातभर ते मीटरभर लांब असते. ती माणसाच्या कातडीखाली वाढते, आणि बहुधा घोट्याजवळ किंवा पोटरीवर फोड आणून बाहेर डोकावते. त्या फोडाची आग असह्य असते. फोड फुटल्यावर कृमीचे टोक दिसू लागले, की ते एका बारीक काडीला गुंडाळायचे, आणि रोज थोडे थोडे, दोन-चार बोटे, ओढून घ्यायचे, हाच हजारो वर्षांचा उपचार. घाई केली आणि कृमी आत तुटला, तर पाय सुजतो, पू होतो, क्वचित सांधा कायमचा आखडतो. नारूने माणूस सहसा मरत नसे. पण आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने, अंथरुणाला खिळून राही. आणि हे बहुधा उन्हाळ्यात किंवा पेरणीच्या तोंडाशी घडे, म्हणजे नेमके शेतकऱ्याच्या घरात प्रत्येक हाताची गरज असताना.

या कृमीची ओळख माणसाला फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अ‍ॅगाथार्किडीस या ग्रीक लेखकाने तांबड्या समुद्राकाठच्या लोकांच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या लहान सापांसारख्या कृमींचे वर्णन केले. मदिनेच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव पडले, आणि आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर तो पाहिलेल्या युरोपीय प्रवाशांनी त्याला गिनीचा कृमी म्हटले. इराणी भाषेत त्याचे नाव 'रिश्ता', म्हणजे धागा. आपल्याकडे भावप्रकाशासारख्या आयुर्वेदीय ग्रंथात तो 'स्नायुक' या नावाने येतो. जणू शरीरातली एखादी शीरच बाहेर पडत आहे, अशी ती कल्पना. तुलसीदासांनी रामचरितमानसाच्या उत्तरकांडात मनाच्या रोगांना शरीराच्या रोगांची नावे दिली आहेत. त्यांत नहरुआही आहे. ज्या रोगाचे नाव रूपकासाठी घेतले तर श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नाही, तो रोग किती घरोघरचा असेल, याची कल्पना यावरून यावी.

आता प्रश्न असा की, हा कृमी माणसाच्या अंगात शिरतो कोठून? आमच्या आजीबाईंच्या आईचे उत्तर स्पष्ट होते : पाण्यात पाय बुडविल्याने. या उत्तराला अडाणीपणा म्हणून हसण्याचे कारण नाही, कारण एकोणिसाव्या शतकातील विद्वानांचेही उत्तर हेच होते. १८५०च्या दशकात मुंबईत हेन्री जॉन कार्टर या शल्यचिकित्सकाने तलावांतील पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्याला त्यात बारीक बारीक कृमी दिसले. हेच कृमी स्नान करणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतात आणि पुढे वाढून नारू होतात, असा तर्क त्याने मांडला. तर्क चुकीचा होता. तलावातले ते कृमी वेगळेच होते. पण चूक समजण्यासारखी होती. रोग पायाला होतो, पाय पाण्यात जातात, आणि रोगी पाणवठ्यावरचेच असतात. याहून सरळ अनुमान कोणते?

खरे उत्तर मध्य आशियातून आले. अलेक्सेई फेदचेंको हा तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञ तुर्कस्तानच्या प्रवासात होता. लायप्झिगच्या ल्यूकार्ट या प्राणिशास्त्रज्ञाने माशांतील एका कृमीच्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या जलजीवात वाढतात, असे पूर्वीच दाखविले होते. नारूचेही तसेच असेल काय, हे पाहावे, अशी सूचना त्याने केली. फेदचेंकोने १८७० साली नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरताना प्रत्यक्ष पाहिल्या.

हा सायक्लॉप्स म्हणजे काय, हे सांगण्यासाठी थोडे आडवळण घेणे भाग आहे. खेकडा, झिंगा, शेवंड ही सारी कवचधारी प्राण्यांची मंडळी. युरोप-अमेरिकेच्या नद्यांत यांचाच एक भाऊबंद राहतो, त्याला क्रेफिश म्हणतात. गोड्या पाण्यातली लहानशी शेवंडच ती. आपल्या नद्यांत तो मूळचा नाही. त्याची जागा येथे खेकडे आणि झिंगे घेतात. सायक्लॉप्स हा याच कुळातला, पण मिलिमीटरभर आकाराचा. पाण्याचा पेला उजेडात धरला, तर झटके देत हलणारा पांढरा ठिपका म्हणून तो दिसतो. कपाळावर एकच डोळा असतो, म्हणून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला मिळाले.

या कवचधारी कुळाचा आणि माणसाच्या रोगांचा संबंध एवढ्यावरच संपत नाही. १८७०च्या दशकात अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात आपल्याकडचा एक वाघ मेला, तेव्हा त्याच्या फुप्फुसांत कॉफीच्या दाण्याएवढे चपटे कृमी सापडले. कर्बर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने १८७८ साली त्यांचे वर्णन केले आणि संग्रहालयाचे प्रमुख वेस्टरमन यांचे नाव त्या जातीला दिले. हा फुप्फुसातला पर्णकृमी प्रथम गोगलगायीत आणि मग खेकड्यात किंवा क्रेफिशमध्ये वाढतो, आणि तो खेकडा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाणाऱ्याच्या फुप्फुसांत जातो, हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पूर्व आशियातील संशोधकांनी उलगडले. कोरियात गोवर झालेल्या मुलांना कच्च्या क्रेफिशचा रस औषध म्हणून पाजण्याची चाल होती; त्या औषधातून हा रोग मुलांच्या अंगात शिरे. आपल्या देशात १९८०च्या दशकारंभी मणिपुरात असे रोगी प्रथम नीट ओळखले गेले. रोग्याला खोकला येतो, थुंकीतून रक्त पडते, आणि क्षयरोग समजून वर्षानुवर्षे क्षयाचीच औषधे दिली जातात. ओढ्याकाठी निखाऱ्यावर खेकडे भाजून खाणे हा आमच्याकडील मुलांचा जुना खेळ आहे. खेकडा आतपर्यंत शिजवावा, एवढेच त्यावर सांगणे पुरे.

परंतु खेकडा शिजविता येतो, सायक्लॉप्स शिजवून कोणी खात नाही. तो पाण्याबरोबर नकळत पोटात जातो. येथेच नारूच्या चक्राची खरी खोच आहे. रोग्याच्या पायाची आग होते, आणि गार पाण्यात पाय बुडविला की त्याला बरे वाटते. त्याच क्षणी फोडातून डोकावणारी मादी आपल्या लक्षावधी अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स त्या गिळतो. सुमारे दोन आठवड्यांत त्या त्याच्या पोटात माणसाला बाधण्याइतक्या वाढतात. ते पाणी कोणी प्याले, की जठरातील अम्लाने सायक्लॉप्स मरतो, अळ्या मोकळ्या होतात, आतड्याची भिंत भेदून शरीरात उतरतात. नर-मादीचा संयोग होतो, नर मरतो, आणि मादी वाढत वाढत पायाकडे सरकते. सुमारे वर्षभराने फोड येतो. तोवर रोग्याला आपण कोठे, कोणते पाणी प्यालो, याची आठवणही राहिलेली नसते.

म्हणजे आजीबाईंच्या आईने सांगितलेला संबंध खोटा नव्हता. त्याची दिशा तेवढी उलटी होती. पाय बुडविल्याने नारू होत नाही. नारू झालेल्याने पाय बुडविला, की गावाला नारू होतो. विहिरीवरचा रोगी स्वतःला सुख देता देता, पुढच्या वर्षीच्या रोग्यांची तजवीज करून जात असे. त्याच्या मनात कोणाचे वाईट करण्याचा विचार नसे. आजीबाईंच्या आईचा धाकही त्या दृष्टीने निष्फळ नव्हता. कारण चुकले, पण लोकांनी पाय पाण्याबाहेर ठेवले, तेवढ्या प्रमाणात चक्र तुटतच होते.

आणि आमच्या आवडत्या विहिरीचा दोष येथे उघडा पडतो. रहाटाच्या विहिरीत माणूस वर राहतो आणि भांडे खाली जाते. रोग्याचा पाय पाण्याला लागतच नाही. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस स्वतः खाली उतरतो, घोटाभर पाण्यात उभा राहतो आणि तेथेच घागर बुडवितो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले, की तोच प्रकार आणखी खालच्या पायरीवर होतो. पाणी थोडे उरते, त्यात सायक्लॉप्स दाट होतात, आणि गावातील सर्वांची तहान त्याच डबक्यावर येऊन पडते. गेल्या वर्षी याच दिवसांत ज्यांनी पाणी प्याले, त्यांचे फोडही याच दिवसांत फुटत असतात. कृमीचे एक वर्षाचे आयुष्य आणि दुष्काळी मुलखाचे एक वर्षाचे ऋतुचक्र एकमेकांत असे बसले होते. ज्या जिन्याने पाणी थकल्याभागल्याच्या हाताशी आणून दिले, त्याच जिन्याने रोगही पाण्यापर्यंत उतरविला. आम्ही लिहिणार होतो त्या लेखात हे वाक्य आले नसते.

हे समजल्यावर उपाय सुचण्यास फार अडचण नव्हती. मुंबईला परळ येथील जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेत, म्हणजे १९२५ साली जिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले त्या संस्थेत, डॉ. डी. ए. तर्खड यांनी १९१०च्या दशकात नारूच्या प्रतिबंधावर काम केले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे आडनाव वेगळ्याच वळणाने लिहिलेले असल्याने मराठी वाचकाला ते ओळखू येत नाही. त्यांचे नाव आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठेही नाही. १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग भागात मूर्ती यांनी पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स खाणारे लहान मासे सोडून पाहिले. उझबेकिस्तानातील बुखारा शहरात तर याहून मोठा प्रयोग घडला. तेथे दगडी पायऱ्यांचे हौद होते, आणि साऱ्या शहराला 'रिश्त्या'ची पीडा होती. १९२०च्या दशकात लिओनिद इसायेव या वैद्यकतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली हौदांची सफाई झाली, पायऱ्यांवरून पाणी घेणे थांबविण्यात आले, शुद्ध पाण्याची सोय झाली, आणि काही वर्षांतच १९३०च्या दशकारंभी रोग संपला. नारू घालविता येतो, हे जगाला तेव्हाच दिसले होते. आपल्याकडे मात्र त्यानंतर अर्धे शतक गेले.

ते अर्धे शतक का गेले, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात सापडत नाही. नारूवर त्या वेळी औषध नव्हते, आजही नाही, लसही नाही. परंतु औषधाची गरजच नव्हती, चांगल्या पाण्याची होती. आणि कोणाला कोणते पाणी मिळावे, हा आपल्या समाजात केवळ सोयीचा प्रश्न कधीच नव्हता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, हे आपण सारे जाणतो. चांगल्या विहिरीवर ज्यांना चढू दिले जात नव्हते, त्यांना ओढा, डबके, झरा, जे असेल ते प्यावे लागे. नारू हा गरिबाचा, शेतमजुराचा, आडगावाचा रोग होता. त्याने कोणी मरत नसे. मग त्याची दखल कोण घेणार? मृत्यूच्या आकड्यांत ज्याचे नाव येत नाही, तो रोग दरबारी कागदांत फार खाली राहतो.

पाण्याची स्थिती बदलण्यास आरंभ दुष्काळांनी केला. १९६०च्या दशकातील आणि पुढे १९७२च्या दुष्काळात कठीण खडकात कूपनलिका खणण्याचे काम वेगाने वाढले. खणलेल्या नळीवर बसविलेले ओतीव लोखंडाचे हातपंप महिना-दोन महिन्यांत मोडून पडत. गावातील शंभर घरांचा भार सोसेल, असा पंप प्रथम महाराष्ट्रातच घडला. जालना येथील मिशनच्या मंडळींनी एक पंप तयार केला. त्यावर सुधारणा करून सोलापूरच्या मिशनऱ्यांनी दुसरा केला. या सोलापुरी पंपाच्या पायावर, युनिसेफच्या साहाय्याने, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप सिद्ध झाला. पुढे तो आफ्रिकेतही गेला. ज्या कोरड्या मुलखात नारू मातला होता, त्याच मुलखाने नारूचा एक मोठा शत्रू घडविला, ही नोंद मराठी माणसाने अभिमानाने करावी अशी आहे. हापशीला पायऱ्या नसतात. तिच्या पाण्यात कोणाचा पाय बुडत नाही, आणि भूगर्भातील त्या पाण्यात सायक्लॉप्सही नसतो.

१९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी पेयजल आणि स्वच्छतेचे दशक म्हणून जाहीर केले. नारूचे निर्मूलन ही त्या दशकाच्या यशाची एक खूण ठरविण्यात आली. भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे त्याची सूत्रे होती. १९८४च्या आरंभीच्या शोधात ७ राज्यांतील ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत मिळून सुमारे ४० हजार रोगी आढळले. हे आकडे वाचताना आमच्या मनात एक गोष्ट राहून राहून येते. ४० हजार या संख्येपर्यंत पोहोचण्यासाठी कोणाला तरी घरोघर जाऊन "तुमच्याकडे कोणाला नारू आहे काय?" असे विचारावे लागले असेल. हे विचारणारे आरोग्य कर्मचारी सायकलवर किंवा पायी हिंडले. मोहिमेचा खरा कणा तेच होते, आणि त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

कामाची रीत साधी होती. वर्षातून ठरावीक वेळा गावोगाव रोग्यांचा शोध घ्यायचा. रोग्याच्या जखमेवर पट्टी बांधायची आणि त्याने पाणवठ्यात उतरू नये, हे त्याला समजावून सांगायचे. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घालून, जिने बुजवून, त्या रहाटाच्या विहिरी करायच्या. शक्य तेथे हापशी बसवायची. जेथे यांपैकी काहीच जमत नाही, तेथे सायक्लॉप्सचा नाश करणारे टेमेफॉस हे औषध अगदी अल्प प्रमाणात पाण्यात सोडायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पिण्याचे पाणी दाट विणीच्या दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचे.

या शेवटच्या उपायाने आम्ही थबकलो. वस्त्रगाळ पाणी प्यावे, असे आपली धर्मशास्त्रे सांगत आली आहेत. जैन घरांत तर गाळल्यावाचून पाणी पिणे निषिद्धच. गळण्यात अडकलेले जीव पुन्हा मूळच्या पाण्यात सोडण्याचीही त्यांची रीत आहे. पाण्यातील जीव वाचावेत, म्हणून जे फडके घागरीवर बांधले गेले, ते दाट विणीचे असेल तेथे सायक्लॉप्सही अडत असणार आणि माणूसही वाचत असणार. शास्त्राने नंतर जे सिद्ध केले ते आम्हांला आधीच ठाऊक होते, असा डौल यावरून मिरविण्याचे मात्र कारण नाही. ठाऊक असलेली गोष्ट साऱ्या गावाच्या घागरीपर्यंत पोहोचली नव्हती, हाच तर प्रश्न होता. विरळ झालेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून सायक्लॉप्स सुखरूप निसटतो. आणि शेतावर तहान लागली असता ओंजळीने पाणी पिणाऱ्याजवळ कोणते गाळणे असणार?

रोग्यांची संख्या वर्षागणिक घटत गेली. एकेक राज्य यादीतून वगळले गेले. देशातील अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला. त्यानंतर तीन वर्षे जागरूकतेने शोध चालू राहिला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. देवीनंतर आपल्या देशातून समूळ गेलेला हा दुसरा रोग. देवीच्या पाठीमागे लस होती. नारूला फडके, कठडा, हापशी आणि समजूत एवढ्यांनीच घालविले.

जगातून मात्र तो अजून पुरता गेलेला नाही. १९८६ साली आफ्रिका आणि आशिया मिळून दरवर्षी सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे, असा अंदाज होता. २०२३ साली साऱ्या जगात केवळ १४ माणसांत तो आढळला. मोहीम संपत आली असे वाटत असतानाच चाड देशात २०१२पासून कुत्र्यांमध्ये मोठ्या संख्येने नारू सापडू लागला, आणि शेवटची काही पावले सर्वांत अवघड ठरली. एकदा जिंकलेली लढाई कायमची जिंकलेली असते, असे नाही, हे यावरून दिसते.

आता पुन्हा आमच्या विहिरीकडे येऊ. अलीकडे जुन्या बारवा आणि पायविहिरी यांच्याविषयी सर्वत्र नवी आस्था निर्माण झाली आहे. तरुण मंडळी श्रमदानाने गाळ उपसतात, झुडपे काढतात, दिवे लावतात. हे सारे स्तुत्य आहे, आणि त्यांत आम्हीही यथाशक्ति सामील आहोत. परंतु काही विहिरींचे जिने बुजविलेले किंवा कठड्याने बंद केलेले पाहून "कोण्या अरसिक अधिकाऱ्याने हे केले?" असा प्रश्न जेव्हा विचारला जातो, तेव्हा आता आम्ही गप्प राहू शकत नाही. ज्याने तो कठडा बांधला, त्याला कदाचित सौंदर्यदृष्टी नसेल. पण त्या गावातील माणसांच्या पायांतून निघणारे कृमी त्याने पाहिले असतील. तो कठडाही त्या विहिरीच्या इतिहासाचाच भाग आहे. बांधणारा राजा किंवा सावकार जेवढा तिच्या इतिहासात येतो, तेवढाच तो जिना बुजविणारा गवंडीही आला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, नारू गेला, सायक्लॉप्सच्या पोटात आता ती अळी नाही, मग जिने उघडण्यास हरकत काय? हरकत नाही. जिने उघडावेत, कोनाड्यांत दिवे लावावेत. ते पाणी बागेला द्यावे, गुरांना द्यावे. पिण्यासाठी मात्र पायरीवर घागर बुडविण्याची वेळ कोणावरही पुन्हा येऊ नये, आणि ती टाळण्यासाठी हापशी व नळ चालू राहावेत, एवढी काळजी घ्यावी. दर उन्हाळ्यात एखादी हापशी कोरडी पडली, की बाया पुन्हा ओढ्याच्या झिऱ्याकडे वळतात, हे आम्ही आजही पाहतो. नारू नसला, तरी पटकी, कावीळ, हगवण ही मंडळी त्याच वाटेने येण्यास टपलेली आहेत.

आमचे टिपण आम्ही पुन्हा त्या आजीबाईंकडे नेले. पाय बुडविल्याने नारू होत नसे, नारू झालेल्याने पाय बुडविला तर तो इतरांना होई, आणि तोही पाणी प्याल्याने, हे आम्ही त्यांना जमेल तितके समजावून सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, आणि विचारले, "म्हंजे माही माय बरोबरच सांगत होती ना?"

आम्ही थोडा वेळ विचार केला, आणि हो म्हटले.